खळ्यातलं गवत

कोकणात एखादं घर नांदतं आहे की बंद, हे कळायला दारावरचं कुलूप बघावं लागत नाही. खळ्याकडे, म्हणजे अंगणाकडे, एक नजर टाकली की पुरतं. सारवलेलं, झाडलेलं, तुळशीपुढे चार बोटं रांगोळी असलेलं खळं म्हणजे घरात माणूस आहे. गुडघाभर गवत म्हणजे मंडळी मुंबईत. कुठल्याही वाडीतून फिरलात तर ही जनगणना तुम्हाला दहा मिनिटांत उरकता येईल.

त्यामुळे नोकरीतून लवकर मोकळा होऊन गावी कायमचा राहायला आलो आणि आईला म्हणालो, ‘खळ्यातला कोबा फोडून तिथे लॉन करू या,’ तेव्हा ती काही वेळ नुसतीच बघत राहिली. ‘लॉन म्हणजे?’ मी सांगितलं, गवत. हिरवंगार, बारीक कापलेलं. त्यावर ती म्हणाली, ‘खळ्यात गवत? घरातली सगळी मेली काय?’

आमचं गाव देवगड तालुक्यात, खाडीपासून थोडं वर, सड्याच्या, म्हणजे कातळाच्या माळाच्या, उतारावर. आमच्याकडे खळं म्हणजे सगळ्याचीच जागा. भात मळायची जागाही तीच, पोरांनी गोट्या खेळायचीही तीच आणि पाहुण्यांनी पाय धुवायचीही तीच. माझ्या लहानपणी खळं दरवर्षी नव्याने करायचे. पावसाळ्यात त्यावर गवत माजायचं. दसऱ्याच्या सुमाराला ते उपटायचं, खड्डे लाल मातीने भरायचे, पाणी मारायचं आणि मग चोपण्याने चोपायचं. चोपणं म्हणजे लाकडाची जाड फळी आणि तिला दांडा. त्याचा धपधप आवाज एका घरातून सुरू झाला की चार दिवसांत सगळ्या वाडीतून यायला लागे. वरून शेणाचा हात फिरला की खळं तयार. मग पोफळीचे खांब पुरून वर झापांचा मांडव. तो मेअखेर काढायचा आणि खळं पुन्हा पावसाच्या स्वाधीन करायचं. दर वर्षी केलेलं काम दर वर्षी वाहून जायचं आणि त्याबद्दल कुणी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. तक्रार असायची ती फक्त आम्हा पोरांची, कारण गवत उपटायचं काम आमच्याकडे. त्यातली हरळी म्हणजे शिक्षाच. वरचं पातं हातात यायचं, मूळ मातीत. आजी मागून बघत असायची. तिला ते दिसायचं.

पुढे ताईचं लग्न ठरलं तेव्हा बाबांनी खळ्यात कोबा घातला. एकदाच खर्च, परत म्हणून बघायला नको. वाडीतला पहिला कोबा आमचा. लग्नाला आलेली मंडळी नवरीपेक्षा कोब्याचीच चौकशी जास्त करत होती, असं ताई अजून म्हणते. पुढच्या दहा वर्षांत वाडीतली सगळी खळी राखाडी झाली.

कोब्याला उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. आमसुलं, सुपारी, आंब्याफणसाची साटं, कुळीथ, मिरच्या, सगळं त्याच्यावर सुंदर वाळतं. खडा नाही, माती नाही. शिवाय फुरसं. जांभ्या दगडाच्या या मुलुखात फुरसं हा काही गोष्टीतला साप नव्हे. दीड-दोन वीत लांबीचं, मातीच्याच रंगाचं जनावर दगडाच्या आडोशाला बसलेलं असतं. खळं बोडकं ठेवायची पद्धत शोभेसाठी पडलेली नाही. रात्री कंदिलाच्या उजेडात पाय टाकायचा, तर समोर काय आहे ते दिसलं पाहिजे. साधं कारण होतं. लॉनचा विचार करताना ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं, हे कबूल करतो.

पण कोब्याचा त्रासही तेवढाच. एप्रिलच्या दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेवून बघा. रात्री नऊला वारा सुटला तरी जमीन आपली निखाऱ्यासारखी धुमसतच. आणि पावसाळ्यात शेवाळ. ब्लीचिंग पावडर टाका, खराट्याने घासा, आठ दिवसांत परत तेच. शेवटी लोक कोब्यावर झावळ्या पसरून त्यावरून चालतात, म्हणजे सिमेंट वापरायचं नि वर ते झाकायचंही. गेल्याच्या गेल्या वर्षी आई झावळी सोडून दोन पावलं बाजूने गेली आणि घसरली. मनगट दीड महिना प्लास्टरमध्ये. तिथेच माझं ठरलं.

एक हिशेबही केला होता मी, निवृत्त माणसाला असले हिशेब सुचतात. खळं ३० फूट बाय २५ फूट, म्हणजे साधारण ७० चौरस मीटर. कोकणात वर्षाचा पाऊस ३००० मिलिमीटर धरला तर एवढ्याशा जागेवर दोन लाख लिटरच्या वर पाणी पडतं. दहा हजार लिटरचे वीस टँकर. ते सगळं इतकी वर्षं कोब्यावरून घसरून पाणंदीत, पाणंदीतून व्हाळात आणि व्हाळातून खाडीत. आणि मे महिन्यात आम्ही विहिरीच्या तळाशी कळशी खरवडणार! आता माती केली म्हणून ते दोन लाख लिटर मुकाट्याने आमच्या विहिरीत जाऊन बसतील असं नाही. तिरप्या सरी झोडपतात तेव्हा मातीवरूनही पाणी पळतंच. पण निदान थोडं थांबून जाईल. आईला हा हिशेब सांगितला तर तिने एवढंच विचारलं, ‘आमसुलां खय सुकत घालू?’

तह झाला. तुळशीच्या बाजूची दहा फूट रुंदीची कोब्याची पट्टी तशीच राहील, बाकीचा फुटेल.

फोडायला आलेला माणूस ब्रेकर घेऊन आला आणि आधी खळ्यात उकिडवा बसून कोब्यावर तळहात फिरवत राहिला. म्हणाला, ‘ह्यो कोबो माझ्या बापाशीन घातलेलो.’ मला एकदम चोरी केल्यासारखं वाटलं. तो मात्र खूश होता. दोन दिवस फोडताना कुठे किती जाड आहे, कुठे बापाने हात राखला नाही, हे सारखं सांगत होता. ‘आता असा सिमेंट कोण घालणा नाय,’ असं म्हणत म्हणत त्याने सगळा कोबा फोडला. खाली चिऱ्याच्या तुकड्यांचं सोलिंग, त्याच्या खाली विटेसारखी घट्ट झालेली माती आणि आंब्याच्या एका मुळापर्यंत गेलेले वाळवीचे बोगदे. एक गोटीही सापडली. काचेची, आत निळी रेघ. ती माझीच आहे असं मी जाहीर केलं. तसं सांगायला आता दुसरा दावेदारही उरलेला नाही.

मग गवत आणायला तालुक्याच्या बाजूच्या एका नर्सरीत गेलो. तिथे गवतांची नावं ऐकून आपण विमानतळावर उभे आहोत असं वाटलं. मेक्सिकन पाहिजे का बर्म्युडा? मेक्सिकन मऊ, पण हळू वाढतं आणि महाग. बर्म्युडा चिवट, ऊन खातं, तुडवलं तरी मरत नाही. मी बर्म्युडा घेतलं. चौकोनी तुकडे, चौरस फुटाच्या भावाने, टेम्पोतून. लाल माती, शेणखत आणि वाळू यांच्या थरावर ते मांडताना मला फार मोठं काही केल्यासारखं वाटत होतं.

चौथ्या दिवशी शेजारच्या काकी कुंपणापाशी आल्या. एक तुकडा कोपऱ्यातून उचलून त्यांनी उलटा केला, मुळं बघितली, पातं दाताखाली धरलं आणि मोठ्याने म्हणाल्या, ‘बाबू, ही तर हरळी! पैशे देऊन आणलंस? माज्या कुणग्यात फुकट होती मरे!’

घरात येऊन फोनवर शोधलं. काकींचं खरं होतं. बर्म्युडा ग्रास म्हणजे शास्त्रीय नावाने सायनोडॉन डॅक्टिलॉन, आणि सायनोडॉन डॅक्टिलॉन म्हणजे हरळी. गणपतीच्या दूर्वा त्याच. बर्म्युडा बेटांचं ते मूळचं गवतही नाही, तिथे ते बाहेरून गेलेलं. जमिनीवरून धावणारी खोडं वेगळी, जमिनीखालून धावणारी वेगळी आणि दोन्हीच्या पेराला मूळ फुटणार. ‘काण्डात् काण्डात् प्ररोहन्ती’ असं म्हणत भटजी दूर्वा हातात घेतात, त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. पेरापेराला उगवणारी. आजीने ज्या गवताच्या मुळ्या काढायला लावून माझी बोटं सोलवटली, तेच मी पैसे मोजून, टेम्पोचं भाडं भरून, त्याच खळ्यात परत आणून लावलं होतं. बायको दोन दिवस हसत होती. तिसऱ्या दिवशीही हसली असती, पण तोवर मलाच हसू यायला लागलं आणि मग तिची मजा गेली.

बरं, हरळी असली तरी लॉन म्हणून ती काही वाईट नाही. उन्हाळाभर संध्याकाळी पाणी घातलं की मातीचा वास येई आणि जमीन हाताला गार लागे. विहिरीचं पाणी गवताला घालताना आईचा चेहरा बघण्यासारखा असायचा. मी आंघोळीचं पाणी वळवलं, तेव्हा जरा निवळली. आंब्याखाली मात्र गवत धरलंच नाही. हरळीला उघडं ऊन लागतं, सावलीत ती रुसते. तिथे टक्कल पडलं ते आजतागायत आहे.

पाऊस आला आणि मग खरी गंमत सुरू झाली. पंधरा दिवसांत टकलावर टाकळा उगवला, हरळीतून कुर्डू डोकावायला लागला, कडेने लाजाळू आणि तेरडा. मी वैतागून उपटायला बसलो तर आई टोपली घेऊन माझ्या मागे. कोवळा टाकळा तिने वेचून घेतला आणि रात्री फणसाच्या आठळ्या घालून भाजी केली. या लॉनबद्दल तिने काढलेला पहिला चांगला शब्द त्या भाजीबद्दल होता.

गवत कापायचं यंत्र म्हणे एडविन बडिंग नावाच्या इंग्रजाने १८३० साली पेटंट करून घेतलं. त्याच्या सहाच वर्षं आधी, १८२४ साली, लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं होतं. म्हणजे बाबांचा कोबा नि माझं लॉन, दोन्ही खूळं एकाच बेटावरची आणि जवळपास एकाच वयाची. फरक एवढाच की बडिंगसाहेबाच्या मुलखात पाऊस झिमझिम पडतो. आमच्याकडे जुलैत तीन दिवस उघडीप मिळाली नाही की यंत्राच्या पात्यात ओल्या गवताचा गोळा अडकतो आणि ते घुर्रर्र करून बंद पडतं. शेवटी कोयती घेऊन बसतो. कधीकधी काकींचा पाडा आत सोडतो. काम त्याचं जास्त साफ होतं, फक्त तो मोबदला जागेवरच ठेवून जातो.

शिमग्यात खेळे आले तेव्हा एक गोष्ट चुकल्यासारखी झाली. दरवर्षी आमच्या खळ्यात नाचणाऱ्यांच्या पायांचा ठेका आत स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचा. आधी चोपलेल्या मातीवर भरीव, नंतर कोब्यावर चपटा. यंदा गवतावर नुसती घुंगरं वाजत होती, पाऊल वाजतच नव्हतं. मृदंग वाजवणाऱ्याने दोनदा खाली वाकून बघितलं. मग सगळे हळूहळू सरकत सरकत आईच्या त्या दहा फुटांच्या पट्टीवर गेले आणि तिथे दाटीवाटीने नाचले. आई दारातून बघत होती. काही बोलली नाही, पण माझ्याकडे एकदा वळून बघितलंन.

गणपतीत मात्र खळ्याला मान आला. वाडीतल्या बायका सकाळी ताटं घेऊन दूर्वा खुडायला आमच्याकडे. ‘तुमची हरळी बरी लुसलुशीत,’ असं ज्या अर्थी काकींनीच म्हटलं, त्या अर्थी तो टोमणा नसावा.

त्याच गणपतीत एक दिवस दुपारी मी पडवीत आडवा झालो होतो. चारेक दिवस पाऊस हटला नव्हता, कापायचं राहिलं होतं, गवत घोट्याच्या वर गेलेलं. गडग्याच्या बेड्यापाशी, म्हणजे कुंपणाच्या फाटकापाशी, कुणीतरी येऊन थांबलं. मुंबईहून बऱ्याच वर्षांनी आलेला, बाबांच्या ओळखीतला माणूस असावा. छत्री जरा वर करून त्याने खळ्याकडे बघितलं, मग घराकडे, परत खळ्याकडे. आत पाऊल टाकायचं की नाही ते त्याला ठरेना. बरोबरच्या मुलाला हळूच म्हणाला, ‘ही मंडळी पण गेली वाटता.’ आणि वळला.

मी उठेपर्यंत आई दारात पोचली होती. प्लास्टर काढलेला तो हात वर करून तिने सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशी हाक मारली, ‘आसव रे, आसव! खय जातंस? ये वर!’

तो वळून आला. गवतातून पाय उचलून उचलून टाकत, खाली बघत. पडवीत टेकल्यावर आईने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि त्याने काही विचारायच्या आधीच सांगून टाकलं, ‘आमच्या झिलान लावल्यान ता. मुद्दाम.’