सुट्या दगडावरचा बाण

राजापूर तालुक्यातील सड्यांवर कातळशिल्पे पाहायला येणाऱ्यांसाठी वाट दाखवणारे बाण रंगवण्याचे काम मी करतो. 2022 साली कोकणातील कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली, तेव्हापासून नवखी माणसे जास्त येताना मी पाहतो आहे. सडा म्हणजे जांभ्याचे उघडे पठार. त्यावर खुणेचे झाड नसते आणि कातळावर पायवाट उमटत नाही. देवाचे गोठणे येथील मनुष्याकृतीजवळ तर होकायंत्राची सुईही भरकटते. अशा ठिकाणी परक्या माणसाचा सगळा भरवसा बाणावर असतो.

गेल्या जूनमध्ये, भर पावसात, संध्याकाळी पाचच्या सुमारास मला फोन आला. “दादा, बाणाप्रमाणेच चाललोय, पण पुढे गडगा आहे आणि त्याच्यापलीकडे जमीनच दिसत नाही.” गडगा म्हणजे दगड रचून केलेले कुंपण. त्याच्यापलीकडे चिरेखाण आहे हे मला ठाऊक होते. सरळसोट कापलेल्या त्या खाणीत पावसाळ्यात पुरुषभर पाणी साचते. एक पाऊलही पुढे टाकू नका, असे सांगून मी धावत निघालो.

धुक्यात ते कुटुंब एकमेकांचे हात धरून उभे होते. त्यांच्यासमोर गडग्याच्या वरच्या थरात माझाच दगड बसवलेला होता. त्यावरचा पिवळा बाण अजून ताजा दिसत होता आणि त्याचे टोक थेट खाणीकडे होते. ढासळलेला गडगा रचताना शेतकऱ्याने तो उचलला असणार, आणि त्यात त्याची काहीच चूक नव्हती. सुट्या दगडावर बाण काढला मी, कारण मूळ कातळ शेवाळलेला होता आणि तो घासण्याचा मी कंटाळा केला होता.

परतताना त्यांच्यातल्या आजींनी विचारले, “येताना एवढे बाण होते, आता एकही कसा दिसत नाही?” मी मागे वळून पाहिले. सगळे बाण दगडांच्या येतानाच दिसणाऱ्या बाजूंवर होते. रंगवून झाल्यावर ती वाट मी उलट दिशेने एकदाही डोळसपणे चाललो नव्हतो.

आता शिल्पांपासून दूर, जमिनीत रुजलेल्या कातळावरच, जाण्याचे आणि येण्याचे असे दोन्ही बाण मी काढतो आणि एका बाणापाशी उभे राहून पुढचा दिसतो का, हे भर पावसात तपासतो. तो दगड अजून गडग्यातच आहे. मालकाला विचारून त्यावरचा रंग मी तारेच्या ब्रशने खरवडून काढला आहे.