शिराकावा-गो: हात जोडून उभं असलेलं घर

जपानमध्ये नागोयाला राहून चार वर्षं झाली तरी शिराकावा-गो, तिथला गवती छपरांच्या जुन्या घरांचा डोंगराळ भाग, बघायचं राहूनच गेलं होतं. शेवटी यंदा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ताकायामाला मुक्काम केला आणि सकाळच्या बसने निघालो. तिथून पन्नासेक मिनिटं लागतात, बराचसा रस्ता बोगद्यांतूनच जातो, आणि एका बोगद्यातून बाहेर आलं की एकदम शोगावा नदी आणि पलीकडे ओगीमाची गाव दिसतं. मोठमोठी गवताची छपरं, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला.

या घरांना गाश्शो-झुकुरी म्हणतात. गाश्शो म्हणजे नमस्काराला जोडलेले हात. छप्पर साठ अंशांच्या आसपास उभट, दोन्ही पाखी वर आढ्याला टेकलेली, त्यामुळे समोरून बघितलं की खरंच कोणीतरी हात जोडून उभं आहे असं वाटतं. फोटोत मी हे शंभर वेळा पाहिलं होतं पण वळचणीखाली उभं राहून वर बघितलं तेव्हा कळलं की गवताचा थर हातभराहूनही जाड आहे आणि कडेला तो इतका सरळ कापलाय की भिंतच वाटावी.

आम्ही आत गेलो ते वादा घरात. ओगीमाचीतलं हे सगळ्यात मोठं गाश्शो घर, साधारण तीनशे वर्षांचं, पूर्वी गावच्या मुखियाचं, आणि आजही त्याच्या एका भागात त्या घरातली माणसं राहतात. चपला काढून आत गेलं की मधोमध जमिनीतच चौकोनी चूल, तिला इरोरी म्हणतात, त्यावर वरून टांगलेली किटली, आणि धुराला चिमणी वगैरे काही नाही. धूर सरळ वर माळ्यावर जातो आणि गवतातून बाहेर पडतो. त्या धुराने वासे काळे तुकतुकीत झालेत, दोरसुद्धा काळे झालेत, आणि तो धूरच या घराचं औषध आहे, गवताला कीड लागत नाही, ओल धरत नाही, म्हणून चूल पेटती ठेवावी लागते. आमच्या राजापूरकडच्या जुन्या घरात आजी पावसाळ्यात चूल विझू द्यायची नाही ते आठवलं, माळ्यावरची लाकडं आणि बियाणं त्या धुरावरच टिकायचं.

मग जिन्याने वर गेलो, आणि तिथे मी खूप वेळ थांबले कारण खरं घर वरच आहे. खालचा सांगाडा सुतारांनी बांधायचा आणि वरचं छप्पर गावकऱ्यांनी, अशी इथली वाटणीच होती. सुतारांचं काम सांध्यात सांधा बसवून केलेलं, पण वरच्या छपरात एकही खिळा नाही. सगळं बांधलेलं आहे. दोन मोठे वासे वर एकमेकांना बांधलेले, आणि खाली त्यांची टोकं पेन्सिलीसारखी तासून आडव्या तुळईच्या टोकाला केलेल्या खळग्यात नुसती टेकवलेली, उखळात मुसळ उभं असावं तशी. घट्ट ठोकलेलं नाही म्हणूनच वारा आला, बर्फाचा भार आला, धरणीकंप झाला तरी छप्पर जरा हलतं, कलतं आणि परत जागेवर येतं. हिवाळ्यात इथे दोन मीटर बर्फ साचणं काही नवल नाही, उभट छपरावरून तो घसरून जातो. आणि घरांची तोंडं एकाच दिशेला का, तर दरीतला वारा उत्तर-दक्षिण वाहतो, त्याला पाखं आडवं येत नाही, आणि दोन्ही पाखी पूर्व-पश्चिमेला असल्याने सकाळ-संध्याकाळ ऊन मिळून गवत वाळतं.

खाली काही तुळया बुडाशी वाकड्या दिसल्या, मला वाटलं जुन्या होऊन वाकल्या असतील. तसं नाही. डोंगरउतारावर बर्फाच्या ओझ्याने लहानपणीच वाकलेली झाडं मुद्दाम शोधून आणायची आणि तो बाक भार पेलायला वापरायचा! झाड ज्या बर्फाने वाकवलं तोच बर्फ पुढे त्याच्या डोक्यावर.

माळ्यावर रेशमाचे किडे पाळायचे. म्हणूनच इतके मजले, आणि मधली जमीन फटी ठेवून केलेली, खालच्या चुलीची ऊब वरपर्यंत जावी म्हणून. आणि खाली, चुलीच्या आसपास जमिनीत खड्डे करून माती, रानगवत आणि रेशीमकिड्यांची विष्ठा कुजवत ठेवायची, त्यातून काही वर्षांनी सोरा निघायचा, बंदुकीच्या दारूचा! शेजारच्या गोकायामा भागातला सोरा कागा प्रांताच्या मायेदा सरदारांकडे जायचा. या वादा घराचाही सोऱ्याचा व्यापार होता. वर रेशीम, मध्ये माणसं, खाली दारूचा माल. एवढ्या आडबाजूच्या दरीत, जिथे भात धड पिकत नाही, तिथे एवढी मोठी घरं कशी उभी राहिली याचं उत्तर मला तिथे मिळालं.

पण मला सगळ्यात जास्त भिडलं ते छपराचं शाकारणं. गवत तीस-चाळीस वर्षं टिकतं, मग बदलावं लागतं, आणि ते एका घराला झेपत नाही. एका पाख्यासाठी शंभर-दोनशे माणसं लागतात, एक-दोन दिवसांत उरकतात. याला ते युई म्हणतात, आणि आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, इर्जिक. कुणी किती गवत दिलं, किती दोर दिला, किती माणसं आली याची वही ठेवायची आणि त्याच्या घराची पाळी आली की तितकंच परत करायचं. बाहेर छपरावरचा माणूस भलीमोठी लाकडी सुई गवतात खुपसतो, आतला माणूस दोर वाशाभोवती घेऊन ती परत बाहेर सारतो. आतल्याला बाहेरचा दिसत नाही, नुसत्या आवाजावर काम.

हे आपोआप टिकलं नाही. नदीच्या वरच्या अंगाला मिबोरो धरण झालं, 1961 ला पूर्ण, त्यात कितीतरी वस्त्या बुडाल्या, घरं विकली गेली, उचलून दुसरीकडे नेली गेली. ओगीमाचीच्या लोकांनी 1971 मध्ये एकत्र येऊन ठरवलं की घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. युनेस्कोची जागतिक वारशाची यादी त्यानंतर आली, 1995 ला, आयनोकुरा आणि सुगानुमा या गोकायामातल्या गावांसोबत. मला वाटतं श्रेय त्या आधीच्या ठरावाचं जास्त आहे.

निघायच्या आधी माळ्यावरच्या गाठींचे जवळून फोटो काढले. कोवळ्या झाडाची सोट पिळून दोरासारखी वाशांभोवती गुंडाळलेली, तिला नेसो म्हणतात, पिळाचे पीळ अजून स्पष्ट दिसतात. ते फोटो बसमधूनच गावी काकांना पाठवले. आमच्या गोठ्यावर आता पत्रा आहे, पण शेवटचं गवताचं छप्पर काकांनीच शाकारलेलं, मी तेव्हा पाचवीत होते, बांधायला केवणीची साल भिजवून द्यायचं काम आम्हा पोरांकडे.

पाच मिनिटांत त्यांचा फोन आला. घर किती जुनं, कुठल्या देशात, काही विचारलं नाही. म्हणाले, "काय गो, ती ओली असतानाच बांधतात ना? म्हणजे वाळली की आवळते."

म्हटलं, हो काका, ओलीच बांधतात.