टिच बटणाने खाल्लेले नऊ आठवडे

मेलमध्ये तीनच शब्द होते. "अटॅचमेंट स्ट्रेंथ फेल." म्हणजे बटणाची पकड नापास. बाराशे झबल्यांची ऑर्डर, सहा मशिनी, पाच बायका, ठाणावर ठाण मलमल आणून ठेवलेली, आणि आम्ही अडकलो कुठे, तर नखाएवढ्या टिच बटणात.

मी सोलापुरात शाळेचे गणवेश शिवते. चौदा वर्षं झाली. गणवेशाचं काम जून-जुलैपर्यंत मान वर करू देत नाही आणि पुढे मशिनींवर चादरी टाकून बसावं लागतं. म्हणून ओळखीतून मुंबईच्या एका निर्यातदाराचं काम आलं तेव्हा मी किंमतसुद्धा नीट घासली नाही. तान्ह्या बाळांची झबली, माल युरोपला जाणार. झबलं म्हणजे काय, डोळे मिटून शिवू, असं मी फोनवर म्हणालेसुद्धा. ते वाक्य मला पुढे फार लागलं.

कापड, कटिंग, शिलाई यात काही अडलं नाही. ते सांगत बसत नाही.

पहिला खटका नाडीवरून उडाला. आपल्या झबल्याला मानेमागे नाडी असते. त्यांच्या यादीत होतं, गळ्याशी कोणतीही दोरी, नाडी, गोंडा चालणार नाही. युरोपात लहान मुलांच्या कपड्यांतल्या दोऱ्यांसाठी वेगळं मानकच आहे, ईएन १४६८२. सात वर्षांपर्यंतच्या मुलांना टोपीला आणि गळ्याशी दोरी नाहीच. सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही सगळी नाडीच्याच झबल्यात वाढलात की!" मलाही तेव्हा ते गोऱ्यांचं कौतुक वाटलं. मग एकदा पाळण्याच्या हुकाकडे बघताना नाडी त्यात अडकली तर काय, असं मनात आलं आणि मी गप्प झाले. नाडी गेली, पुढे तीन टिच बटणं आली.

अट अशी होती: प्रत्येक बटण ९० न्यूटन ताणाला १० सेकंद टिकलं पाहिजे. ९० न्यूटन म्हणजे साधारण सव्वानऊ किलो. दहा किलोची आट्याची पिशवी झबल्याच्या एका बटणाला टांगायची म्हणा ना. खेळण्यांच्या युरोपीय मानकातही, ६ मिलिमीटरपेक्षा मोठ्या भागाला हाच आकडा आहे. बाळ बटण चावतं, ओढतं, आणि सुटलं की ते थेट घशात. परीक्षेला एक छोटी नळी वापरतात, आतून ३१.७ मिलिमीटर व्यासाची. सुटलेला तुकडा न दाबता तिच्यात मावला, की तीन वर्षांखालच्या मुलासाठी तो धोक्याचा. आमची बटणं तिच्यात चार-पाच एकदम मावली असती. म्हणजे बटण सुटताच कामा नये, एवढाच मार्ग उरला.

कागदावर वाचताना हे सगळं पटतं. गणवेशाला मी हजारो हूक आणि बटणं लावलीत, एखादं निघालं तर आई घरी टाका घालते. इथे आई नाही, लॅब होती.

पहिली सहा सँपल संक्रांत झाल्यावर पाठवली. कुरिअरला दोन दिवस, लॅबला पाच, मग त्यांच्या क्वालिटीच्या मॅडमच्या टेबलावर पडून राहण्याचे दिवस वेगळे. तेरा दिवसांनी ते तीन शब्द आले. कुठलं बटण, किती ताणाला, कसं निघालं, काही नाही. मी फोन केला. "मॅडम मीटिंगमध्ये आहेत." दुपारी केला, मीटिंग. दुसऱ्या दिवशी मॅडम भेटल्या आणि म्हणाल्या, "रिपोर्टमध्ये फेल आलंय ना, मग फिटिंग सुधारा." रिपोर्ट पाठवता का विचारलं, तर तो आतल्या वापरासाठी असतो. लॅबची फी मात्र माझ्या बिलातून जाणार होती. आतला रिपोर्ट, बाहेरची फी.

मी माझ्या अकलेने ठरवलं की बटण सैल बसलंय. बटण बसवायच्या प्रेसचा दाब वाढवला. आमची पायाची प्रेस आहे, खालच्या नटाने दाब कमी-जास्त होतो. अक्काने, ती आमच्याकडे सर्वांत जुनी, हाताने ओढून पाहिलं, हलेना. खूश होऊन दुसरी सहा पाठवली. बारा दिवस. तेच तीन शब्द. मॅडमनी कॉपी करून चिकटवले असावेत, कारण आधीच्या मेलमधली स्पेलिंगची चूकही तशीच होती.

तिसऱ्या वेळी माझा संशय मालावर गेला. गावातल्याच एका दुकानातून दुप्पट भावाची "प्युअर ब्रास" बटणं आणली. ही सहा सँपल लॅबपर्यंत पोचलीच नाहीत. निर्यातदाराकडे सगळा माल सुई पकडणाऱ्या यंत्रातून जातो, पट्ट्यावरून कपडा सरकतो आणि आत मोडक्या सुईचा लोखंडी तुकडा असला की यंत्र ओरडतं. आमचं प्रत्येक झबलं ओरडलं. बटणाच्या मागची रिंग लोखंडी होती, वरून पितळेचा मुलामा. पितळ लोहचुंबकाला लागत नाही, म्हणून ते या यंत्रात चालतं. बटण लोखंडी असलं तर सुईचा तुकडा आहे की नाही हे यंत्राला कळणारच कसं? दुकानदाराला जाऊन विचारलं तर म्हणाला, "ताई, रंग बघा की, ब्रासच आहे." तेव्हापासून माझ्या पर्समध्ये फ्रिजवरचा एक चुंबक असतो. बटण, रिंग, बकल, झिपचा रनर, काहीही घ्या, आधी चुंबक लावा, टिच बटण असेल तर त्याच्या चारही भागांना वेगवेगळा. माझ्यासारखा फक्त वरच्या टोपीला लावू नका.

पण याच गोंधळात एक बरं झालं. रागाने म्हणा किंवा टेबल मोकळं करायचं म्हणून म्हणा, त्यांनी आधीची नापास सँपलही त्याच खोक्यात परत पाठवली.

रात्री जेवणं झाल्यावर मी ती मांडून बसले. सासूबाईंचं पोथी वाचायचं भिंग घेतलं. पहिल्या खेपेतल्या एका झबल्यावरचं बटण निघालेलं होतं आणि सोबत पिशवीत होतं. भिंगातून पाहिलं तर बटणाच्या दातांत मलमलीची गोल चकती अजून घट्ट धरलेली. बटण सुटलंच नव्हतं. कापड फाटलं होतं! दुसऱ्या खेपेतलं, म्हणजे माझ्या वाढवलेल्या दाबाचं, त्याहून वाईट. दातांच्या ओळीत कापडाला पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी भोकं पडलेली. मीच कातरून ठेवलेलं कापड लॅबने फक्त ओढलं होतं. दोन्ही वेळचा मेल मात्र एकच. "कापड फाटले" एवढे दोन शब्द कोणी लिहिले असते तर माझा एक महिना वाचला असता. हे मी इतक्या जणांना सांगितलंय की घरात आता कोणी ऐकत नाही.

ज्यांनी हे काम केलं नाही त्यांच्यासाठी: रिंगवालं टिच बटण चार भागांचं असतं. नर, मादी आणि दोघांच्या पाठीमागे एकेक दात्यांची रिंग. दाते कापडातून आरपार जातात आणि समोरच्या भागाच्या खाचेत गोल वळून बसतात. कापड त्या दोघांच्या मध्ये चिमटलेलं राहतं. म्हणजे पकड कापडाच्या जाडीवर असते. कापड पातळ असलं तर दाते वळतात पण चिमट्यात काही राहत नाही, आणि जाड असलं तर दाते खाचेपर्यंत पोचतच नाहीत. आमच्या झबल्याच्या बटणपट्टीत मलमलीचे दोनच पदर होते. मलमल ती, तिचा जीव केवढा!

दुसऱ्या दिवशी सुटकेस तोलायचा लटकता काटा आणला, खाली एक चिमटा-पक्कड बांधली आणि घरीच लॅब थाटली. पक्कडीत बटण धरायचं, झबलं टेबलाला क्लॅम्पने आवळायचं, काटा सव्वानऊवर आला की अक्काने मोठ्याने दहा आकडे मोजायचे. ओढताना चेहरा बाजूला ठेवा आणि चष्मा घाला, तिसऱ्याच बटणाला टोपी उडून माझ्या कपाळावर आली. हा काटा लॅबच्या यंत्राची बरोबरी करत नाही, पण साडेपाच किलोला फाटलेली पट्टी लॅबमध्ये पास होणार नाही एवढं तो सांगतो. दोनपदरी मलमल पाच-सहा किलोलाच जात होती.

मग पदर वाढवत गेलो. नुसती मलमल चारपदरी केली तर कधी टिकायची, कधी नाही. मध्ये फ्यूजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटवायचं अस्तर, घातलं, छान बसलं, पण तीन धुण्यांनंतर एका कोपऱ्यात सुटून फुगलं. इस्त्री कमी तापली असेल, माझा मग त्यावरचा विश्वासच उडाला. शेवटी पट्टीच्या आत एक सेंटिमीटर रुंदीची सुती ट्विल टेप, म्हणजे तिरप्या विणीची फीत, दोन्ही कडांना शिलाई मारून घातली, वर-खाली मलमलीचे दोन-दोन पदर. काटा बारा किलोवर गेला तरी बटण जागचं हललं नाही. अक्काने दहाऐवजी वीस मोजले. त्या दिवशी सगळ्यांना मी भजी खिलवली.

टेप आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. मी पहिल्या रिळाला हे केलं नाही. धुतल्यावर टेप आटली आणि पट्टीला अशा चुण्या पडल्या की झबलं आजारी दिसायला लागलं.

बटणं घ्यायला मी स्वतः सकाळच्या हुतात्माने पुण्याला गेले. बोहरी आळीत चुंबक काढला तेव्हा दुकानदार हसला, पण त्याने राग मानला नाही. दातांची लांबी दोन-तीन प्रकारची मिळते, हे मला चौदा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. आपल्या पट्टीचा तयार तुकडा सोबत न्यायचा आणि त्यावर तिथेच लावून बघायचं. आणि डाय, म्हणजे प्रेसमधला बटण दाबून बसवणारा साचा, त्याच बटणाची, त्याच माणसाकडून घ्यायची. माझी जुनी डाय दुसऱ्या बटणाची होती, अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नसेल, पण त्यामुळे टोपी एका बाजूने चेपून दाते तिरके वळत होते. डायचे पैसे वाचवू नका. मी वाचवले होते.

बटण नीट बसलंय हे काट्याशिवाय कसं कळतं, तर बोटाने फिरवून बघा. फिरलं तर सैल. कडेखाली नख शिरलं तर सैल. टोपीवर चीर किंवा चपटेपणा दिसला, मागून कापड कातरल्यासारखं दिसलं तर दाब जास्त. आम्ही सकाळी पहिली पाच आणि नंतर दर तासाला दोन बटणं ओढून, फिरवून बघतो आणि वहीत लिहितो. आणि बटण कधीही शिवणीच्या गाठीवर लावू नका. एका बाजूला सहा पदर, दुसऱ्या बाजूला चार, मग निम्मे दाते वळतात आणि निम्मे नुसते उभे राहतात. त्या एका कारणासाठी मी पट्टीची खूण आठ मिलिमीटर खाली सरकवली.

प्रेसवर एकच बाई बसवायची, पदर खोचून, केस बांधून. कापड धरायला एकीने आणि पाय मारायला दुसरीने, हे अजिबात नाही. माझ्या डाव्या अंगठ्याचं नख असंच काळं झालं, ते उतरायला चार महिने लागले. आता डायभोवती बोट आत जाणार नाही अशी पत्र्याची कडी बसवून घेतली आहे. स्थानिक फॅब्रिकेटरने तासाभरात करून दिली.

सुईचा नियम सांगायचा राहिला. सुई मोडली तर सगळे तुकडे वहीत चिकटपट्टीने लावल्याशिवाय नवी सुई मिळत नाही. एखादा तुकडा सापडला नाही तर त्या वेळचा सगळा गठ्ठा बाजूला ठेवून चुंबक फिरवायचा. सुरुवातीला बायका हसल्या, "सुईचं मयत करायला लागली ताई." मग एकदा सुईचं टोक झबल्याच्या घडीत सापडलं आणि हसणं थांबलं. आता गणवेशालाही आम्ही हाच नियम ठेवला आहे.

चौथी सहा सँपल मी घरच्या काट्यावर ओढलेल्या बटणांच्या आकड्यांसकट पाठवली, प्रत्येक झबल्याच्या पिशवीत चिठ्ठी. ती कोणी वाचली असेल असं वाटत नाही. पाडव्याच्या चार दिवस आधी मेल आला. "पास." या वेळी एकच शब्द.

बाराशे झबली वेळेत गेली, छत्तीसशे बटणांतलं एकही परत आलं नाही. पैसे आले तेव्हा दोन नापास चाचण्यांची फी, एका पास चाचणीची फी आणि यंत्राजवळून परत पाठवलेल्या खोक्याचं कुरिअर, सगळं बिलातून कापलेलं होतं. फी भरली आहे तर निदान ते दोन रिपोर्ट तरी पाठवा, असा मेल मी त्याच दिवशी केला. त्यानंतर दोन आठवणी पाठवल्या. मॅडम अजून मीटिंगमध्ये आहेत.