दर पंधरा मिनिटांनी

मानसिक आजाराच्या तीव्र अवस्थेतल्या रुग्णांसाठी वॉर्ड करायचा म्हटलं की आम्हा आर्किटेक्ट मंडळींचा निम्मा जीव हार्डवेअरमध्ये अडकतो. नळ, मूठ, बिजागरी, स्क्रू, कशातच काही अडकवता येता कामा नये, उचकटून त्याचं हत्यार होता कामा नये. पडद्याची दांडी वजन पडताच निसटली पाहिजे. सांध्यातलं सीलंटसुद्धा नखाने न निघणारं लागतं. दारावर तर माझं खास प्रेम. एरवी ते आत उघडतं; पण कुणी आतून अंग टेकवून अडवलंच, तर चौकटीतली पट्टी किल्लीने मोकळी करायची आणि तेच दार बाहेर ओढायचं. त्याची किंमत ऐकून प्रकल्पाच्या मॅनेजरने तोंड वाकडं केलं. साध्या दारांवर भागवा म्हणणाऱ्यांनी एक रात्रपाळी करून बघावी.

सगळा मजला बांधण्याआधी नमुन्याची एक खोली उभी करतात. ती तपासायला वॉर्डच्या सिस्टर आल्या होत्या, आणि अशाच एका वॉर्डात राहून गेलेल्या एक बाई. त्यांना कशाला बोलवायचं, यावर बैठकीत कुरकुर झालीच होती.

मी दाराचं प्रात्यक्षिक दिलं, सगळ्यांनी माना डोलावल्या. बाई काही न बोलता पलंगावर आडव्या झाल्या. म्हणाल्या, "दिवे घालवा. आता रात्री बघता तसं बघा मला."

ज्याच्या जिवाला धोका आहे असं वाटतं, त्या रुग्णाकडे दर पंधरा मिनिटांनी नजर टाकायची, ही रीत अनेक ठिकाणी आहे. त्यासाठी दाराच्या काचेत झडपा असतात, बाहेरून किल्लीने फिरणाऱ्या. सिस्टरांनी किल्ली फिरवली. खट्. कॉरिडॉरचा उजेड थेट बाईंच्या डोळ्यांवर.

"झोपेची गोळी द्यायची आणि रात्रभर हे करायचं," त्या म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती, त्यामुळे जास्तच लागलं.

संशोधक रॉजर उलरिच यांचा १९८४ चा अभ्यास आमच्या धंद्यात उठताबसता सांगतात: पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती ते, समोर विटांची भिंत असलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले. खिडकीबाहेर झाडं आम्हीही दिली आहेत. रात्री त्यांचा काय उपयोग?

खट् आवाज सोपा आहे, यंत्रणा बदलता येते. कॉरिडॉरचे दिवेही रात्री मंद करता येतात. पण सिस्टर म्हणाल्या, "मंद उजेडात मला छाती हलताना दिसणार नाही. मग मी दार उघडून आत येईन. ते चालेल का तुम्हाला?" त्यांचंही खरंच होतं. श्वास चालू आहे की नाही हे त्यांना पाहायचं असतं. पलंगावर कुणीतरी आहे एवढ्याने त्यांचं भागत नाही.

मी सुचवलं, पलंग उलटा फिरवू. डोकं अंधाऱ्या बाजूला जाईल, छाती उजेडात राहील. बाईंना पटलं. सिस्टर म्हणाल्या, "आणि चेहऱ्याचा रंग? पांघरूण डोक्यावरून घेतलंय का, ते?"

पलंग जमिनीला बोल्टने जखडलेले असतात, ते नंतर कुणी फिरवत नाही. फ्लोअरिंगवाल्याला बोल्टच्या जागा लवकर हव्या आहेत. दोन्ही नकाशे तयार आहेत. सिस्टरांची सही एकावरही नाही, आणि खरं सांगायचं तर मीही त्यांच्यामागे लागलेलो नाही.