आमची वाटचाल : अक्कलकोट रोडचा डायनो

आमचा डायनो, म्हणजे रोलरवर गाडी पळवून चाकावरची ताकद मोजायचं यंत्र, कमी दाखवतो असं अजूनही कोणीकोणी म्हणतं, म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकतो.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं शेड आहे, आधी तिथं टॉवेलचे लूम चालायचे. पंप-इंजेक्टरचं काम वडिलांपासूनचं. कॉमन रेलच्या (कॉम्प्युटरनं डिझेल सोडणाऱ्या) गाड्या वाढल्या तशी रिमॅपची, म्हणजे त्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवायची, कामं यायला लागली आणि काम झाल्यावर तुळजापूर रोडला एक चक्कर मारून "पळतीय बघा मालक" म्हणायचं हे मला पटेना. किती पळतीय ते आकड्यात सांगता आलं पाहिजे. तयार डायनो परवडणारा नव्हता, तेव्हा शेजारचे लेथवाले अण्णा भागीदार झाले. रोलर त्यांनीच टर्न केले, टायर घसरू नये म्हणून नर्लिंग (बारीक खाचा) केलं, आणि ब्रेक म्हणून जुन्या बसचा इलेक्ट्रिक रिटार्डर बसवला, त्याच्या आर्मखाली लोड सेल (जोर मोजणारा सेन्सर). हा ब्रेक महत्त्वाचा. नुसता जड रोलर फिरवायचा म्हटलं तर खालच्या गिअरला गाडी इतकी पटकन रेव्ह खाते की टर्बोचा बूस्ट (हवेचा दाब) भरायच्या आत रन, म्हणजे ती चाचणी, संपतो, डिझेलला लोड देऊन धरावंच लागतं. डायनो बरोबर मोजतो का ते बघायला अण्णांनी एक मीटरचा दांडा बनवला होता, शिक्क्याची ५० किलो वजनं टांगली की स्क्रीनवर टॉर्क (फिरवायचा जोर) ४९० न्यूटन मीटर दिसलेच पाहिजेत, नाही दिसले तर त्या दिवशी गाडी चढवायची नाही. तो दांडा आजही भिंतीला आहे आणि नियम पण तोच आहे. डिझेलला स्पार्क प्लग नसतो त्यामुळे आरपीएमसाठी क्रँक पुलीला चमकती पट्टी लावून सेन्सर धरायचा, ही कल्पना पण त्यांचीच.

पहिली काही वर्षं बरी गेली.

मग होटगी रोडला एक दुकान उघडलं. नाव घेत नाही, सोलापुरात ज्यांना कळायचं त्यांना कळेल. काचेचं केबिन, एसी, आणि बोर्डवर '४० बीएचपी गॅरंटी', म्हणजे एवढे हॉर्सपॉवर वाढवून देणार. आम्ही स्कॉर्पिओच्या एमहॉक इंजिनला चाकावर १८-२० वाढले सांगायचो, तिथं त्याच गाडीला ४५ वाढल्याचा रंगीत कागद मिळायचा. गिऱ्हाईक ४५ कडेच जाणार. वर त्यांनीच पसरवलं की आमचा डायनो भंगारातला आहे, कमी दाखवतो. थारवाले गेले, फॉर्च्युनरवाले गेले, बँकेचे हप्ते थकले, शेडचं भाडं अडलं, अण्णांनी स्वतःचं एक लेथ विकून पोरांचे पगार केले आणि मला ते दुसऱ्याच्या तोंडून कळलं. ते दिवस मी विसरणार नाही आणि त्या दुकानाला माफ पण करणार नाही.

४५ कसे काढतात ते सांगतो. पहिला रन फॅन बंद ठेवून. स्कॉर्पिओचा इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा) बॉनेटच्या स्कूपखाली असतो, समोरून हवा नाही मिळाली की तो भाजतो आणि पॉवर पडते. रिमॅप झाल्यावर दुसरा रन मोठा फॅन लावून. शिवाय हवामानाचं करेक्शन (गरम हवेत इंजिन कमी ओढतं, त्याची भरपाई), तापमानाचा प्रोब सायलेन्सरजवळ सरकवला की सॉफ्टवेअरला वाटतं हवा फार गरम आहे आणि ते आकडा आपोआप चढवून देतं. सोलापूरच्या मे महिन्यात तर संशय पण येत नाही. मधला फरक 'गेन' म्हणून विकायचा, झालं.

आम्हाला वाचवलं ते सांगोल्याच्या डाळिंबवाल्या मालकांनी. त्यांची स्कॉर्पिओ पहिल्यापासून आमच्याकडे. पाहुण्यांच्या आग्रहाखातर ती तिकडे गेली आणि १६५ बीएचपीचा कागद घेऊन आली, पण मळ्याच्या चढाला ट्रॉली ओढेना आणि मागं काळा धूर. मालक कागद घेऊन थेट शेडमध्ये आले, "बघा की ओ हे काय आहे." मी बघितलं तर ४००० आरपीएमला पॉवर आणि टॉर्कच्या रेषा एकमेकींना छेदत होत्या, दोन्हीकडे १६५. आता टॉर्क न्यूटन मीटरमध्ये धरून गुणिले आरपीएम, भागिले ७१२१, म्हणजे बीएचपी. दोन्ही आकडे सारखे येणार फक्त ७१२१ आरपीएमला, आणि हे इंजिन तिथवर जातच नाही. ४००० ला १६५ बीएचपी हवेत तर टॉर्क २९४ च्या आसपास लागतो. म्हणजे ग्राफ मोजलेलाच नव्हता, काढलेला होता. मालकांनी तो कागद मार्केट यार्डात दहा जणांना दाखवला, आणि हळूहळू माणसं परत आली. त्यांची गाडी आम्ही परत रोलरवर घेतली, डिझेल कमी केलं, धूर गेला, वाढ निघाली १९. ते १९ त्यांना चढाला कळतात.

एक सांगतो, कोणी विचारलं नसलं तरी. गेन म्हणजे दोन रनमधला फरक, तोही त्याच दिवशी, त्याच रोलरवर, त्याच गिअरमध्ये, तेवढ्याच टायर प्रेशरवर आणि फॅन दोन्ही वेळेला चालू. पुण्याच्या डायनोचा आधीचा आकडा आणि आमचा नंतरचा आकडा वजा करू नका. कंपनीचा आकडा इंजिनचा असतो, आमचा चाकावरचा, तो कमी येणारच, त्यात घाबरायचं काही नाही. रिमॅप करायच्या आधी एक्झॉस्ट टेम्परेचरचं मीटर बसवा, पिस्टन अॅल्युमिनियमचे असतात, फार तापले तर वितळतात. क्लच घसरत असेल तर आधी क्लच. आणि पोराला या धंद्यात आणायचं असेल तर लॅपटॉप नंतर, आधी वर्षभर लेथवर उभा करा.

कायम फोर व्हील चालणाऱ्या गाड्या आम्ही अजून घेत नाही, पुढचे रोलर अण्णांनी टर्न करायला घेतलेत. थार, स्कॉर्पिओ, जुनी बोलेरो टू व्हीलमध्ये टाकून चालते. उन्हाळ्यात सकाळी लवकर या, मड टायर असतील तर साधे टायर घालून या, गाडीचं शेवटचं सर्व्हिस बिल सोबत आणा. दोन्ही रनचे कागद सहीनिशी देतो, वाढ कमी निघाली तरी.