कीलमध्ये पत्ता मिळेपर्यंत

परदेशी शिक्षणाची चर्चा आपल्याकडे प्रवेशापासून सुरू होते आणि व्हिसा हातात पडला की संपते. माझी खरी दमछाक झाली ती त्यानंतर, राहण्याच्या पत्त्यासाठी. तो मिळेपर्यंत बाकी सगळं अडून राहिलं होतं. 2023च्या हिवाळी सत्राला मी जर्मनीच्या उत्तरेला, बाल्टिक किनाऱ्यावरच्या कील शहरात सागरी जीवशास्त्रात मास्टर्स करायला आले. यंदा निघणाऱ्या दोघी-तिघींनी विचारलं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

कीलच का, हा प्रश्न घरी सगळ्यांनी विचारला. माझं शिक्षण रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात झालेलं, आणि कीलला 1665 साली स्थापन झालेलं विद्यापीठ आहे, शिवाय जिओमार ही समुद्र संशोधनातली मोठी संस्था. दुसरं कारण पैशाचं. इथे सरकारी विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांनाही शिकवणी फी नाही, दर सत्राला वर्गणी भरायची असते, तेव्हा ती अडीच-तीनशे युरोच्या आसपास होती. लोक ‘जर्मनीत फुकट शिक्षण’ म्हणतात ते एवढ्यापुरतंच खरं.

कारण फी नसली तरी एक वर्षाचा खर्च आधीच जर्मन ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ज्यातून दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) भरून दाखवावा लागतो. तेव्हा तो आकडा 11,208 युरो होता, म्हणजे दहा लाखांच्या घरात. (सप्टेंबर 2024 पासून 11,904 झाला.) त्याआधी एपीएसचं, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाचं, प्रमाणपत्र: 1 नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना ते सक्तीचं झालं, फी 18,000 रुपये. गुणपत्रिका पाठवल्या, वाट पाहिली, मिळालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही, फक्त अर्ज लवकर टाका.

कर्जाचं मात्र सांगायलाच हवं, कारण कोकणातल्या बहुतेक घरांत हेच होणार आहे. साडेसात लाखांच्या वर शैक्षणिक कर्ज हवं तर बँक तारण मागते. आमची आंब्याची बाग आहे, त्यामुळे बाबा निर्धास्त होते. बँकेच्या वकिलाने सातबारा मागितला. त्यावर अजून आजोबांचं नाव, वारस नोंद कधी झालीच नव्हती. ती करायला घेतली तर बाबांसोबत चार काका-आत्यांची नावं चढणार, आणि अशी सामायिक जमीन बँकेला चालत नाही, सगळ्यांच्या सह्या लागतात. मुंबईचे काका तसे प्रेमळ, पण सहीचा विषय निघाला की ‘दिवाळीत येतो, तेव्हा बघू’. व्हिसा दिवाळीपर्यंत थांबणार नव्हता. शेवटी तारणाशिवाय मिळतं तेवढं साडेसात लाखांचं कर्ज घेतलं, उरलेले आईने पतपेढीतल्या ठेवी मोडून दिले. ज्यांच्या सातबाऱ्यावर अजून पणजोबा आहेत त्यांनी निदान दोन वर्षं आधी तलाठ्याकडे जायला सुरुवात करावी, हे मी अगदी गंभीरपणे सांगतेय.

मुंबईला व्हिसाची मुलाखत झाली, पासपोर्ट आला, निघाले.

आता पत्त्याचं. जर्मनीत घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत महापालिकेत नाव नोंदवायचं असतं, आणि त्यासाठी घरमालकाने सही केलेला दाखला लागतो. ही नोंद नसेल तर निवास परवाना नाही. मी निवडलेल्या बँकेत खातंही उघडत नाही. खातं नाही तर ब्लॉक्ड अकाउंटमधले महिन्याचे 934 युरो बाहेर येत नाहीत. आणि ते आले नाहीत तर खोलीची अनामत कशातून भरणार? विद्यार्थी वसतिगृहाचा अर्ज मी प्रवेशपत्र आल्या दिवशी भरला होता, तरी प्रतीक्षा यादीत होते. ऑनलाइन जाहिरातींत ‘मी सध्या परदेशात आहे, अनामत पाठवा, किल्ली पोस्टाने येईल’ असं लिहिणारे भेटतात. ते सगळे चोर समजावेत.

किनाऱ्यावरच्या गावाची यात आणखी एक गोम आहे. कीलच्या खाडीच्या तोंडाशी लाबोए नावाचं गाव आहे, पांढरी वाळू, ओळीने सुट्टीची घरं. उन्हाळ्यात तिथली भाडी ऐकवत नाहीत, पण ऑक्टोबर ते मार्च घरं रिकामी असतात म्हणून विद्यार्थ्यांना बऱ्यापैकी स्वस्तात मिळतात. आमच्या गुहागरला मे महिन्यातली खोली आणि पावसाळ्यातली खोली, तसंच. मी खुशीत तिथे उतरले. मालकीणबाई बोलायला गोड, चादरी बदलून दिल्या, समुद्र दिसणारी खिडकी. दाखल्याचं विचारल्यावर म्हणाल्या, ‘हे पर्यटकांचं घर आहे, इथे कुणाची नोंद करत नाही.’ विषय संपला.

दाखला मिळाला असता तरी घोळच होता, हे नंतर वर्गातल्या एका मुलाने सांगितलं. लाबोए कील शहरात येतच नाही, ते प्लोएन जिल्ह्यात आहे. म्हणजे परवान्याची फाईल प्लोएनच्या कार्यालयात उघडणार, आणि कीलमध्ये राहायला आले की ती इकडे यायची वाट बघत बसायचं. तेव्हा खोली बघताना भाड्याआधी हद्द बघा.

त्या घरात काढलेल्या दिवसांत मी समुद्राबद्दल मात्र काहीतरी नव्याने शिकले. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हे शाळेत जायच्या आधीपासून माहीत. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. पहिल्या सकाळी धक्क्याच्या खांबावर पाण्याची रेघ बघून ठेवली, दुपारी गेले, संध्याकाळी गेले, रेघ तिथेच. बाल्टिकला भरती-ओहोटी जवळपास नाहीच, कीलला वीतभरसुद्धा नाही. इथे पाणी चढतं-उतरतं ते वाऱ्याने. पुस्तकात वाचलेलं होतं, पण पायांना ते पटायला वेळ लागला.

आणि मग 20 ऑक्टोबर आला. त्याच्या आधीपासून पूर्वेचा वारा सुटला होता, थांबायचं नाव नाही. चंद्राचा काही संबंध नसताना पाणी चढत गेलं, धक्का गेला, किनाऱ्यालगतचा फिरायचा रस्ता गेला, बोटींचे दोर ताणून करकरत होते. कीलला जाणारी फेरी अर्थातच बंद. याच किनाऱ्यावरच्या फ्लेन्सबुर्ग शहरात त्या रात्री पाणी नेहमीपेक्षा 2.27 मीटर वर गेलं, शंभरहून जास्त वर्षांतलं सगळ्यात मोठं उधाण. या किनाऱ्यावर कितीतरी शिडाच्या नौका बुडाल्या, बांध फुटले. घरी फोन केला तर आजी म्हणाली, ‘अमावास्या नाही, पौर्णिमा नाही, उधाण कसलं?’ तिला वाऱ्याचं सांगितलं, पण पटलं नाही.

खोली शेवटी गार्डनमध्ये मिळाली. हा कीलच्या पूर्व काठावरचा कामगारांचा भाग, तुर्की किराणा दुकानं भरपूर, कोथिंबीर जुडीने मिळते. कीलची जर्मन मंडळी त्या भागाचं नाव काढलं की जरा नाक मुरडतात. मला विचाराल तर विद्यार्थ्याने तिथेच राहावं. जिओमारची इमारत याच काठाला, जुन्या मासळी बाजाराच्या जागेवर आहे. चारशे युरोच्या आसपास भाडं, तीन मुलींबरोबर सामायिक स्वयंपाकघर. निवड मुलाखतीने झाली. त्यांनी विचारलं, भांडी कधी घासतेस? मी म्हटलं, जेवल्याबरोबर. बाकी काही विचारलं नाही. अनामत फॉरेक्स कार्डावरून भरली. दोन महिन्यांचा खर्च ब्लॉक्ड अकाउंटच्या बाहेर जवळ ठेवलात तरच हे चक्र फुटतं.

दाखल्यावर सही झाली आणि मग सगळं भराभर हललं: नोंदणी, बँक, आरोग्य विमा (तेव्हा महिना सव्वाशे युरोच्या घरात), परवान्याची तारीख. नोंदणीपाठोपाठ पहिलं पत्र आलं ते रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं, घरटी महिना 18.36 युरो, टीव्ही असो वा नसो. ते आम्ही चौघींत वाटून घेतलं.

कामाचंही लोक विचारतात. 1 मार्च 2024 पासून विद्यार्थ्यांना वर्षाला 120 ऐवजी 140 पूर्ण दिवस काम करता येतं, आणि विद्यापीठातलं सहायकाचं काम यात धरत नाहीत. मला प्रयोगशाळेत प्लवकांचे (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचे) नमुने मोजायचं काम मिळालं. पगारासाठी कर क्रमांक लागतो, आणि पहिल्यांदा नाव नोंदवल्यावर तो पोस्टाने आपोआप घरी येतो. म्हणून राहायला गेल्याच दिवशी खालच्या पत्रपेटीवर आपलं आडनाव चिकटवा. पेटीवर नाव नसलं तर पोस्टमन पत्र टाकत नाही, परत घेऊन जातो.