माकडांच्या शुश्रूषेतले नऊ दिवस: खानापूर तालुक्यातला अनुभव आणि जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी माहिती

यंदाच्या दसऱ्याच्या सुटीतले नऊ दिवस मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात, जांबोटीच्या पुढे जंगलाला लागून असलेल्या एका लहान केंद्रात राहिले. विजेचा धक्का बसलेली, गाडीखाली सापडलेली, वर्षानुवर्षे साखळीला बांधून पाळलेली किंवा आई गमावलेली माकडे वनखात्यामार्फत तेथे येतात. मी होते तेव्हा 23 माकडे आणि 4 वानरे तेथे होती, आणि त्यांची सारी उठबस दोन पगारी माणसे, स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या एक मावशी आणि दर गुरुवारी खानापुरातून येणारे पशुवैद्य एवढ्यांवर चालत होती. केंद्राचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव पसरले की घरी पाळून कंटाळलेली पिल्ले लोक रात्री फाटकाला बांधून निघून जातात, म्हणून त्यांनीच तशी विनंती केली आहे. ज्यांना खरोखर काम करायचे आहे, त्यांनी वनखात्याच्या जवळच्या रेंज ऑफिसात चौकशी करावी. परवानगीही तेथूनच घ्यावी लागते.

आपण बोलताना माकड आणि वानर यांत फारसा फरक करत नाही. देखभाल करणाऱ्याला मात्र तो पहिल्या दिवसापासून करावा लागतो. तांबूस तोंडाचे, डोक्यावर भोवऱ्यातून चहूकडे फुटलेल्या केसांची टोपी असलेले ते माकड. हे टोपी माकड भारताच्या दक्षिण भागाखेरीज जगात इतरत्र रानात आढळत नाही. गोव्याकडे उतरणाऱ्या चोर्ला घाटातून जाताना कठड्यावर ओळीने बसलेली माकडे पाहणाऱ्याला पटणार नाही, पण धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत आज त्याची नोंद ‘असुरक्षित’ अशी आहे. त्याच्या दोन्ही गालांत पिशव्या असतात. मिळेल ते भराभर कोंबून घ्यायचे आणि सुरक्षित जागी बसून, हाताच्या मागच्या बाजूने गाल दाबत सावकाश खायचे, ही त्याची रीत. काळ्या तोंडाच्या, लांब शेपटीच्या वानराला अशा पिशव्या नसतात. त्याच्या पोटात मात्र कप्पे असतात आणि त्यांत पाला आंबवून तो पचवला जातो. म्हणून बिस्किटे, पाव, अगदी जास्त पिकलेली केळीसुद्धा वानराला घातक ठरतात. पोट फुगते आणि जनावर एका रात्रीत दगावू शकते. आपण भक्तिभावाने दिलेला प्रसादही त्यातच आला, हे मला तेथे गेल्यावर कळले आणि फार वाईट वाटले, कारण दर शनिवारी माझ्या पिशवीत वानरांसाठी केळी असायची.

दिवस साडेपाचला सुरू होई. पहिले काम मोजणीचे. पिंजऱ्यापासून दहा-बारा पावलांवर उभे राहून, कोण कोणाला बिलगून बसले आहे, कोण एकटे पडले आहे, कोणी एखादा हात-पाय उचलून धरला आहे का, हे पाहायचे आणि वहीत लिहायचे. माकड दुखणे लपवते. कळपात दुबळे दिसणे त्याला परवडत नाही, म्हणून ज्याने काल शेंगा सोडून दिल्या, त्याच्याकडे आज अधिक बारकाईने पाहावे लागते. मग रात्रीची विष्ठा पाहायची, पातळ असेल तर नोंद करायची, आणि त्यानंतर खराटा, बादली आणि ब्लीचिंग पावडर घेऊन दोन तास सफाई. प्रत्येक पिंजऱ्याला दोन दारे आहेत. बाहेरचे बंद करून कडी लावल्याशिवाय आतले उघडायचे नाही. हा नियम मामांनी, म्हणजे तेथील मुख्य देखभाल करणाऱ्यांनी, माझ्याकडून पहिल्या दिवशी सात वेळा म्हणवून घेतला. कडी कशी निघते हे माकडे टक लावून पाहत असतात आणि शिकतातही.

सफाईनंतर चिराचिरी. रोज बारा-चौदा किलो भाजीपाला लागे: रताळी, काकडी, भोपळा, गाजर, गवार, भिजवलेले हरभरे, उकडलेली नाचणी, थोडी फळे. माणसाप्रमाणेच माकडाच्या शरीरातही क जीवनसत्त्व तयार होत नाही, त्यामुळे पेरू किंवा आवळा रोज हवाच. वानरांसाठी मामा पहाटेच उंबर, वड, चिंच आणि शेवग्याचे डहाळे तोडून आणत. बेळगावच्या पश्चिमेकडची रताळी देशभर जातात. त्यांतली तुटकी, बारीक रताळी व्यापारी बाजूला काढतात, तीच येथे स्वस्तात येतात आणि माकडांना ती मनापासून आवडतात.

अन्न ताटात मांडून दिले तर पाच मिनिटांत संपते आणि उरलेला दिवस माकड स्वतःचेच केस उपटत बसते. रानात त्याचा बराचसा वेळ शोधण्यात जातो. म्हणून शेंगदाणे वाळल्या गवतात मिसळायचे, बांबूच्या पेरांना भोके पाडून त्यांत हरभरे भरायचे, पेरू दोरीने छताला टांगायचे. या कामात माझे हात रमले. उजवा हात कोपरापासून गमावलेली एक मादी तेथे आहे. विजेच्या तारेने हात जळला होता. ती बांबू दोन्ही पायांनी धरते, डाव्या हाताच्या एका बोटाने दाणा भोकाच्या तोंडाशी आणते आणि मग ओठांनी ओढून घेते. एका दाण्याला तिला मिनिटभर लागत होता. मी मोठी भोके पाडू लागले, तेव्हा मामांनी मला थांबवले. तिला जमते ते तिचे तिला करू द्यावे, असे त्यांचे म्हणणे होते, आणि नऊ दिवसांत मला ते पूर्ण पटले.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते, कारण जाणाऱ्याच्या हातून ती सहज होईल. तेथे एक म्हातारा नर आहे. कमरेभोवती साखळीचा व्रण आहे आणि त्या पट्ट्यात केस पुन्हा आलेच नाहीत. तो एका मदाऱ्याकडे होता. माकडांचे खेळ करण्यावर सरकारने 1998 साली बंदी घातली आणि 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने माकड घरी बाळगणेही गुन्हाच होता, तरी गावोगावच्या बाजारांतून ते बरीच वर्षे चालत राहिले. दुसऱ्या दिवशी मी शेंगांचा पत्र्याचा डबा घेऊन त्याच्या पिंजऱ्यापाशी गेले आणि त्याचे लक्ष वेधावे म्हणून डबा हलवला. त्या खळखळाटाबरोबर तो उठला, दोन पायांवर ताठ उभा राहिला, एक हात कपाळाशी नेला आणि तसाच थरथरत राहिला. त्याचे डोळे शेंगांकडे नव्हते, माझ्या दुसऱ्या हातात काठी आहे का हे तो पाहत होता. मामा धावत आले. ‘‘डबा ठेवा खाली बाई. खेळ करूलालंय ते,’’ एवढेच म्हणाले आणि मला हाताला धरून मागे नेले. तो खाली बसायला बराच वेळ गेला. त्या दिवसापासून मी शेंगा कापडी पिशवीतच नेल्या. मदाऱ्याने ठेवलेले त्याचे नावही तेथे कोणी घेत नाही.

पाहुण्यांच्या मनात असते ते पिल्लू कुशीत घेणे. मी गेले तेव्हा सुमारे महिन्याचे एक पिल्लू होते. त्याची आई चोर्ल्याच्या रस्त्यावर गाडीखाली गेली होती, कारण प्रवासी गाडीतून चिप्स फेकतात आणि माकडे ती वेचायला रस्त्यात उतरतात. त्याला मी एकदाही उचलले नाही. मावशी आणि मामा, एवढी दोनच माणसे त्याला हाताळत. दर दोन तासांनी सिरिंजने कोमट दूध दिले जाई, तेही बाळासारखे पाठीवर निजवून नव्हे, कारण तसे केल्यास दूध श्वासनलिकेत जाते. गुंडाळलेल्या टॉवेलाला आईच्या पोटासारखे कवटाळून, मान वर ठेवूनच ते पीत असे. एरवी त्याचा झोपाळा एका बिनपिल्लाच्या मादीच्या पिंजऱ्याला जाळीशी लावून ठेवलेला असे. माझ्या पाचव्या दिवशी त्या मादीने जाळीतून दोन बोटे आत घालून त्याच्या डोक्यावरचे केस विंचरले. मावशी दूध गरम करायचे विसरून दाराशी उभ्या राहिल्या होत्या. माणसाची जितकी सवय लागेल तितके त्याचे कळपात जाणे अवघड होते, आणि माणसाळलेले माकड रानात सोडले तर ते पुन्हा घराच्या कौलांवरच येते. बंदिवासात माकड 25-30 वर्षे जगू शकते. आपल्या चार दिवसांच्या हौसेची किंमत ते तितकी वर्षे मोजते.

गावकऱ्यांविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. ऑक्टोबरात भात पोटरीतून बाहेर पडून पिवळे होऊ लागते आणि त्याच वेळी माकडांचे कळप शेतात उतरतात. माळ्यावर रात्रंदिवस राखण करणारा, पावसाळ्याच्या तोंडावर दरवर्षी खापऱ्या आणि फुटकी कौले बदलणारा शेतकरी माकडांवर चिडला, तर त्याला दोष देता येत नाही. केंद्रातल्या कोणी तो दिलाही नाही. तेथे गेल्यावर चहाच्या टपरीवर भूतदयेची व्याख्याने देऊ नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे. मामांचे स्वतःचे भातशेत आहे आणि त्यांचेही नुकसान होतेच.

आता जाण्याची तयारी. निघण्याच्या महिनाभर आधी रेबीजची प्रतिबंधक लस सुरू करावी. पहिला दिवस, सातवा दिवस आणि एकविसावा किंवा अठ्ठाविसावा दिवस अशा तीन मात्रा असतात. धनुर्वाताचे इंजेक्शन आणि छातीचा एक्स-रेही करून घ्यावा, कारण माणसाचा क्षय माकडांना लागतो. सर्दी-खोकला असेल तर जाणे पुढे ढकलावे. चावा किंवा ओरखडा बसलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आधी लस घेतलेली असली तरी पुढच्या मात्रा चुकवू नयेत. हळद किंवा चुना लावत बसू नये.

डिसेंबर ते मे या काळात शक्यतो जाऊ नये. हा माकडतापाचा हंगाम. शिवमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात 1957 साली प्रथम ओळखला गेलेला हा विषाणू गोचिडींमार्फत पसरतो; 2015 साली गोव्यातील सत्तरीत आणि 2016 साली सिंधुदुर्गातील दोडामार्गात त्याच्या साथी आल्या, आणि हे दोन्ही तालुके आपल्या घाटाच्या पलीकडेच आहेत. जंगलात मेलेले माकड दिसले तर त्याला हात लावू नये, जवळही थांबू नये. प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि वनखात्याला लगेच कळवावे. जून ते सप्टेंबर पाऊस आणि जळवा यांमुळे नवख्याचे कामच होत नाही. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम.

बेळगावहून जांबोटीकडे बस जातात. खानापूरपर्यंत रेल्वेने येऊनही पुढे बस मिळते. पाट्या कन्नडमध्ये असतात, पण वाहकाला मराठीत विचारले तर नीट सांगतात. महिलांना कर्नाटकच्या साध्या सरकारी बसमध्ये तिकीट लागत नाही. त्यासाठी कर्नाटकातल्या पत्त्याचे ओळखपत्र हवे, त्यामुळे कोल्हापूर किंवा सिंधुदुर्गाहून येणाऱ्या भगिनींनी तिकिटाचे पैसे जवळ ठेवावेत. शेवटच्या बसची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्यावी. मोबाइलला रेंज जवळजवळ नसते.

पूर्ण बाह्यांचे मळकट रंगाचे जुने कपडे, गमबूट, विजेरी आणि गोचिडींपासून बचावासाठी अंगाला लावायचे तेल सोबत न्यावे. चष्मा दोरीने बांधावा. कानांतले आणि गळ्यातले घरीच ठेवावे. भेट न्यायची तर जुने टॉवेल, ब्लीचिंग पावडर, चांगला चाकू आणि कुलुपे न्यावीत. माकडाच्या डोळ्यांत रोखून पाहू नये आणि दात दाखवून हसू नये. ‘‘तुम्ही हसूलालाय ते त्यांना कळत नाही, भांडाय आलाय वाटतं,’’ असे मामा म्हणत. ओठ मिटून, नजर थोडी बाजूला ठेवून बसले की दोन-तीन दिवसांत माकडे आपल्याकडे दुर्लक्ष करू लागतात, आणि तेच हवे असते.

परत आल्यावर कपडे उकळत्या पाण्यात भिजवावेत. दोन आठवड्यांत ताप आला, तर जंगलाकाठी राहून आल्याचे डॉक्टरांना न विचारता आधीच सांगावे.

पुढच्या दसऱ्यासाठी मी नाव देऊन ठेवले आहे. शाळेतल्या एका मुलाच्या वडिलांनी, उचगावकडे त्यांची शेती आहे, दोन पोती बारीक रताळी देऊ केली आहेत. ती या रविवारी जांबोटीच्या बसने पोचवायची आहेत.